गल्लीतील बातमी, जगातील बातमी

(मंडळाच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज बोलावयास सांगितले तेव्हा मी अध्यक्षांना म्हणालो, "साहेब, मी विचारवंत नाही, पत्रकार नाही. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून जन्म गेला. रात्रीच्या गाडीत उभे राहायचे आणि ज्या गावचे पत्र त्या गावच्या खणात टाकायचे, एवढेच मला येते." त्यावर ते म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी वाचनालयात पाच पेपर वाचता आणि बाहेर पडताना ज्याला-त्याला आपले मत सांगता. ते एकदाच सर्वांना सांगून टाका, म्हणजे रोज सांगावे लागणार नाही." (हशा) तेव्हा आज जे बोलणार आहे ते एका वाचकाचे मत आहे. मंडळाचे नव्हे. कोणास पटले नाही तर चहाच्या वेळी मला गाठावे.

पेपर वाचण्याची सवय मला वडिलांमुळे लागली. वडील गिरणीत साचेखात्यात होते. सही करता येई, वाचता येत नसे. मी चौथीत होतो, म्हणजे साल १९६१. पाळी सुटून ते घरी आले की मी शेजाऱ्यांचा पेपर मागून आणायचा आणि दिव्याखाली मोठ्याने वाचायचा. त्या वर्षी जुलैत पानशेतचे धरण फुटले, डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तिकडे आफ्रिकेत काँगोत लढाई चालू होती. काँगो कुठे आहे हे मलाही ठाऊक नव्हते. पण वडील सर्व ऐकत. पुढाऱ्यांची भाषणे आली की म्हणत, "हे सोड." पानशेतची बातमी वाचत असताना त्यांनी मला थांबविले आणि विचारले, "पाणी कोणत्या वस्तीत शिरलं ते वाच. माणसं कोणती गेली ते वाच." त्यांचा हा प्रश्न मी पुढे साठ वर्षे प्रत्येक बातमीला विचारीत आलो आहे.

हा प्रश्न नवा नाही हे इथल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले ते याच कारणासाठी. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आपल्या माणसाला जागा नव्हती. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यात मनुष्यबळ व पैसा यांच्या अभावी बाबासाहेबांना स्वतः रकानेच्या रकाने लिहावे लागले. आज परिस्थिती तशी नाही असे म्हणतात. आज आपल्याला जागा आहे. पण ती कुठल्या पानावर, किती ओळींची आणि कोणत्या शब्दांत आहे, हे मी आज आपल्यासमोर मांडणार आहे. त्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, २००९ साली एका खासगी सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत उतरला आणि वर आला नाही. वय एकोणतीस. तो रोजंदारीवर मिळेल ते काम करी. ठेकेदाराने सकाळी नाक्यावरून नेले. कमरेला दोरी नाही, तोंडाला काही नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. टाकी साफ करण्यासाठी उतरलेल्या कामगाराचा विषारी वायूने गुदमरून मृत्यू. आडनाव बरोबर होते, पहिले नाव दुसऱ्याचेच.

बहिणीला वाचता येते. तिने ते कात्रण माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "दादा, जिवंतपणी त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. मेल्यावर तरी नाव धड छापा म्हणावं त्यांना."

मी त्या कचेरीत गेलो. तीन संध्याकाळ बसलो. तिथल्या गृहस्थांनी वाईट वागणूक दिली असे नाही, पण त्यांना आश्चर्य वाटले. एवढ्या लहान बातमीची दुरुस्ती कोणी मागते का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "साहेब, बातमी तुमच्याकडे लहान आहे." आठव्या दिवशी एका ओळीची दुरुस्ती छापून आली. मी दोन्ही कात्रणे वहीत चिकटविली. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. पत्ता अपुरा असला तरी पत्र फेकून द्यायचे नाही, ही नोकरीतली सवय.

आता कायद्याचे पाहा. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा, अधिक कडक, २०१३ चा. हा दुसरा कायदा अमलात आला तो दिवस ६ डिसेंबर २०१३. दिवस मुद्दाम निवडला की योगायोग, मला माहीत नाही. पण त्या दिवशी चैत्यभूमीवर रांगेत उभ्या असलेल्या आपल्यापैकी किती जणांना ही बातमी ठाऊक होती? मलाही नव्हती. त्या कायद्यात गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरविले तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला की, १९९३ पासून अशा कामात जे जे मेले त्यांच्या कुटुंबांना शोधून प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत.

हे वाचून आम्ही अर्ज केला. सुनेकडे कागद कोणते? शवविच्छेदनाचा अहवाल होता. पोलिसांच्या कागदात टाकीत पडून अपघाती मृत्यू, एवढेच लिहिलेले. तो तिथे कामाला होता हे कुठेच नाही. जणू फिरायला गेला आणि पाय घसरला. ठेकेदाराने तर ओळखच नाकारली. तो टाकी साफ करायला उतरला होता, असे सांगणारा एकच छापील कागद आमच्याजवळ होता : त्या चार ओळी. आणि त्या चार ओळी आमच्याच मुलाच्या आहेत, हे सांगणारी ती एका ओळीची दुरुस्ती.

तरीही अर्ज परत आला. शेरा असा की मृत्यू खासगी सोसायटीत झाला आहे, सबब ही जबाबदारी या कार्यालयाची नाही. सून म्हणाली, "मामा, राहू द्या आता." मीही थकलो होतो.

मग सप्टेंबर २०२१. याच वाचनालयात, त्या खिडकीजवळच्या बाकावर, मी आतल्या पानावरची एक बातमी वाचली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले होते. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश दिला. म्हणजे जागा खासगी आहे या कारणाखाली सरकारला हात झटकता येणार नाही. मित्रहो, त्या दिवशी पहिल्या पानावर कसली बातमी होती ते मला आठवत नाही. ही आठवते. तारीख टिपून घेतली, एका वकील कार्यकर्त्याकडून निकालाची प्रत मिळविली आणि नवा अर्ज केला. पुढल्या वर्षी सुनेच्या खात्यात पैसे जमा झाले. तोपर्यंत तिचा मुलगा दहावीला बसला होता.

आता ही रक्कम वाढली आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई तीस लाख केली. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर व हैदराबाद या सहा महानगरांत माणसाने गटारात उतरून सफाई करणे बंद करा, असा आदेश दिला. ज्याच्या घरात असे घडले असेल त्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

माझी या बातम्यांविषयी एक तक्रार आहे, ती भाषेची. "विषारी वायूने बळी घेतला" असे छापतात. वायूला कोणी नोकरीवर ठेवले होते काय? त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि माणसाला वाटते की वायू गेला. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम बाहेर येतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. म्हणून एकाच वेळी तीन-तीन माणसे जातात. आपल्या दहावी-बारावीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे समजेल. बातमीत मात्र वायू हा कर्ता असतो, कामगार हे कर्म असते आणि ज्याने उतरविले तो व्याकरणात कुठेच नसतो. आमच्या तरुणपणी वस्तीवर हल्ला झाला की "दोन गटांत हाणामारी" असे छापून येई. तेही याच जातीचे वाक्य.

गल्लीतली आणखी एक बातमी थोडक्यात. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षे नगरसेवक नाही, प्रशासक. निवडणूक केव्हा, यावर वर्तमानपत्रांनी खूप लिहिले. युती कोणाशी, यावर त्याहून जास्त. परंतु नळाला पाणी सकाळी साडेचारला वीस मिनिटे येते हे या चार वर्षांत सांगायचे कोणाला, यावर मी फारसे वाचले नाही. नगरसेवक वाईट असेल, पण त्याच्या दारावर जाऊन ओरडता तरी येते.

आता थोडे बाहेर जाऊ. इथे मी जे बोलणार आहे त्यावरून मागे एका ज्येष्ठ उपासकांशी माझा वाद झाला होता. ते समोरच बसले आहेत. (हशा)

श्रीलंकेविषयी आपल्या मनात जिव्हाळा आहे, आणि तो योग्यच आहे. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेचे पहिले अधिवेशन १९५० साली तिथे भरले, बाबासाहेब त्यास हजर होते. त्या देशाच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात बौद्ध धम्माला अग्रस्थान दिलेले आहे. म्हणून तिथली बातमी आली की आपण आधीच बाजू घेऊन बसतो. मी म्हणतो, बातमी आधी वाचा.

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या रविवारी तिथे भीषण बॉम्बस्फोट झाले. लोक घाबरले. त्या भीतीवर स्वार होऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे अध्यक्ष झाले. आम्ही बहुसंख्याकांचे रक्षक, हा त्यांचा प्रचार. आल्याबरोबर त्यांनी कर कमी केले, तिजोरी रोडावली. मग कोविड आला, पर्यटक बंद झाले. त्या साथीत मृत मुसलमानांना दफन करण्यास मनाई करून त्यांचे सक्तीने दहन केले गेले. जागतिक आरोग्य संघटना दफन चालते असे सांगत असतानाही फेब्रुवारी २०२१ पर्यंत हे चालले. एका आईबापाला आपले मूल आपल्या रिवाजाप्रमाणे मातीत ठेवू न देणे, यात कोणता धम्म होता? त्या देशाच्याच मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

आणि ज्या बहुसंख्याकांसाठी हे सर्व चालले होते त्यांना काय मिळाले? २०२१ च्या मे महिन्यात एका फटक्यात रासायनिक खताची आयात बंद केली. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, पण शेतकऱ्याला ना वेळ दिला ना पर्याय. भात घटला, चहा घटला, आणि नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्ज फेडता येत नाही असे जाहीर केले. त्याआधी मार्चमध्येच एक बातमी होती, ती मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो : छापायला कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. काही वर्तमानपत्रांना कागदाअभावी छापील अंक थांबवावे लागले. ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. अध्यक्ष मालदीवला पळाले, तिथून सिंगापूरला, आणि तिथून राजीनामा पाठविला.

ते उपासक मला म्हणाले होते, "आपल्याच धर्माच्या देशाविरुद्ध तुम्ही का बोलता?" मी म्हणालो, काका, मी देशाविरुद्ध बोलत नाही. रस्त्यावर आलेले लोकही बौद्धच होते, त्यांच्याबरोबर तमिळ होते, मुसलमान होते. त्यांच्या बाजूने बोलतो आहे. म्यानमारचेही तेच. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण गप्प बसलो. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने स्वतःच्या बौद्ध जनतेचे निवडून दिलेले सरकार उलथविले आणि रस्त्यावर गोळ्या झाडल्या. मग मार्च २०२५ मध्ये मंडालेचा भूकंप झाला, तेव्हा मदतफेरी काढायला मात्र आपण सर्वांत पुढे होतो. फेरी काढली ते चांगलेच केले. पण ज्यांचा छळ आपल्या ओळखीचा आहे त्यांच्याविषयी गप्प बसायचे, केवळ छळणाऱ्याच्या घरात बुद्धमूर्ती आहे म्हणून, हे मला पटत नाही. वहीतल्या त्या चार ओळींनी मला हे शिकविले. ठेकेदाराचा धर्म मी कधी विचारला नाही.

नेपाळवर फार बोलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध तिथली तरुण मुले रस्त्यावर आली, ८ तारखेला गोळीबारात एकोणीस जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. मुलांचा राग खरा होता. पण त्याच दिवशी सिंहदरबार जळाला, सर्वोच्च न्यायालय जळाले आणि 'कांतिपूर' या वर्तमानपत्राची इमारतही जळाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना रस्त्यावरचे मार्ग सोडून द्यावेत असे बजावले होते. आपल्या तरुणांना हे भाषण जुनाट वाटते. कोर्टातल्या फायली जळाल्यावर त्या फायलींतल्या गरिबाने कुठे जायचे, एवढे मला त्यांनी सांगावे. माझ्या सुनेची फाइल अशीच एखाद्या कपाटात होती.

एक चांगली बातमीही सांगतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेतले हे पहिले शहर. कॅलिफोर्नियात मात्र तसे विधेयक मंजूर होऊनही गव्हर्नरने त्याच वर्षी ऑक्टोबरात ते परत पाठविले. आपली मुले आता तिकडे शिकायला जात आहेत. विमानात लोणच्याची बरणी तपासतात, जात तपासत नाहीत, ती सुखरूप पोचते.

आणि ३ ऑक्टोबर २०२४. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट. आमच्या वाचनालयात येणाऱ्या पाचही पेपरांत दुसऱ्या दिवशी पानभर मजकूर होता. त्याच बैठकीत, त्याच निर्णयात पाली भाषेलाही तो दर्जा मिळाला होता, प्राकृत, बंगाली आणि असमियालाही. पाली मला शेवटच्या परिच्छेदात सापडली. ज्या भाषेत त्रिपिटक जपले गेले ती भाषा "तसेच" या शब्दानंतर. मी रागावलो नाही. मी शेवटचा परिच्छेद वाचणारा माणूस आहे म्हणून ती मला सापडली. पण आपल्या मुलांपैकी किती जण मथळ्याच्या खाली उतरतात?

मोबाइलविषयी मला आज जास्त बोलायचे नाही, नाहीतर नातवंडे घरी येऊ देणार नाहीत. (हशा) एवढेच सांगतो की मागच्या महिन्यात मला बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य सात जणांनी पाठविले. सातही जणांना विचारले, कोणत्या भाषणातले, कोणत्या खंडातले? एकानेही सांगितले नाही. एक जण तर म्हणाला, "काका, चांगलं आहे ना, मग झालं." बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना जे सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका. आणि विहाराच्या पायऱ्या उतरता उतरता न तपासलेला मजकूर पुढे ढकलतो.

आता शेवटचे, आणि हे विद्यार्थ्यांसाठी. वाचनालयात दुसऱ्या कपाटात खालच्या फळीवर मी अकरा वह्या ठेवल्या आहेत. त्यांत १९८० पासूनची कात्रणे आहेत : गटारातले मृत्यू, शिष्यवृत्तीचे निर्णय, वस्त्यांवरचे हल्ले, न्यायालयांचे निकाल. प्रत्येक कात्रणाखाली पेपरचे नाव, तारीख आणि पान लिहिले आहे. जिथे नाव चुकले असे मला नंतर कळले तिथे लाल शाईने बरोबर नाव लिहिले आहे. अशी लाल नावे बरीच आहेत. माझे डोळे आता अधू झाले, मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी व्हायची आहे. बारावी वही कोरी आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तिथे बसतो. दोन मुले आली तरी पुरे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने कापायचे. कात्री माझ्याजवळ आहे. डिंकाची बाटली वाळली आहे, येणाऱ्याने ती तेवढी आणावी.

जयभीम.